पंचेचाळीस पाउंडांचा आग्रह

ऑगस्ट उजाडला की मिशिगनमधल्या तिरंदाजीच्या दुकानांत गर्दी वाढायला लागते. १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा मोसम सुरू होतो, त्याचा पहिला टप्पा १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवसापासून बंदूकवाल्यांची पाळी. डेट्रॉइटच्या उपनगरात ज्या दुकानात मी काम करते, तिथे मागच्या बाजूला वीस यार्डांची बंदिस्त रेंज आहे आणि पुढच्या भिंतीवर धनुष्यं टांगलेली आहेत. येणारे बहुतेक जण कंपाउंडवाले, म्हणजे चाकांचं धनुष्य वापरणारे. पण दर आठवड्याला एखादा तरी माणूस असा येतो, ज्याला आता चाकं नकोत, नेमाची साइट नको, दोरी सोडायचा हातातला रिलीज नको. लाकडी मूठ, एक दोरी, पिसांचे बाण आणि स्वतःची तीन बोटं, एवढ्यावर त्याला तीर मारायचा असतो. अशा माणसाचं पहिलं धनुष्य बहुधा टेकडाउन रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, सुटं होणारं धनुष्य असतं, आणि त्याचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं: ‘पंचेचाळीस पाउंडांचं द्या.’

हा आकडा येतो कुठून, ते मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी धनुष्य किमान ३५ किंवा ४० पाउंडांचं, म्हणजे खेचायला तेवढा भार लागणारं हवं असा नियम आहे. त्यावर माणूस आपल्या मनाने पाच पाउंड चढवतो आणि पंचेचाळीसवर येऊन थांबतो. दुसरं कारण जास्त खोल आहे. तो आजवर साठ पाउंडांचं कंपाउंड खेचत आलेला असतो. साठ झेपतात तर पंचेचाळीसचं काय, असा त्याचा सरळ हिशेब. पण कंपाउंडची चाकं एकदा फिरली की भार झपकन उतरतो. ऐंशी टक्के सूट देणारं कंपाउंड असेल, तर पूर्ण खेचल्यावर हातावर जेमतेम बारा पाउंड उरतात आणि माणूस निवांत नेम धरतो. रिकर्व्हमध्ये उलटं घडतं. दोरी जितकी मागे, तितका भार जास्त, आणि नेम धरायच्या नेमक्या क्षणी तो सगळ्यात जास्त. साठचं कंपाउंड धरणाऱ्या हाताने पंचेचाळीसचं रिकर्व्ह कधी धरलेलंच नसतं.

टेकडाउन म्हणजे तीन तुकड्यांत सुटं होणारं धनुष्य. मधला मुठीचा भाग, म्हणजे रायझर, आणि त्याला वर-खाली जोडायची दोन वाकणारी पाती, म्हणजे लिम्ब्स. सत्तरच्या दशकापासून हा प्रकार सर्रास दिसायला लागला. इथे मिशिगनमध्ये या विषयावर बोलायचं म्हणजे फ्रेड बेअरचं नाव निघतंच. पेनसिल्व्हेनियाचा हा तरुण १९२३ साली मोटारींच्या कारखान्यात काम करायला डेट्रॉइटला आला. धनुर्धर आर्ट यंगचा अलास्कातल्या शिकारीचा चित्रपट पाहून त्याला धनुष्याचं वेड लागलं, आणि १९३३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. ती पुढे उत्तरेला ग्रेलिंगला गेली आणि १९७८ मध्ये फ्लोरिडाला. बेअरच्या टेकडाउनमध्ये लिम्ब्स हातानेच खटका दाबून बसवता येतात, पाना-स्क्रू लागत नाही. ते धनुष्य जमिनीवर ठेवून जुळवताना पाहिलं की अजूनही माझं काम थांबतं. दुकानाचे मालक मूळचे ग्रेलिंगच्याच भागातले. ग्रेलिंगचा उल्लेख आला की ते सगळं बाजूला ठेवून गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसतात, आणि मी त्यांना थांबवत नाही.

‘सुटं होतं’ हे ऐकून लोकांना वाटतं, हे गाडीत, विमानात न्यायला बरं. ते आहेच. पण माझ्या लेखी टेकडाउनचा खरा फायदा दुसरा आहे. एकसंध धनुष्य घेतलं की त्याचं पाउंडेज कायमचं ठरलं. टेकडाउनमध्ये रायझर तोच ठेवून लिम्ब्स बदलता येतात. चष्म्याची फ्रेम आवडीने, जपून निवडावी आणि काचा आजच्या नंबरच्या बसवाव्यात, तसंच हे. म्हणून मी गिऱ्हाइकाला रायझरपाशी भरपूर वेळ घालवू देते आणि लिम्ब्स मात्र मोजून, तपासून, त्याला आज झेपतील तेवढीच देते. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. पाउंडेज आधी ठरवतात आणि मूठ जी येईल ती घेतात.

मोजमापाला सुरुवात होते खेचीपासून. दुकानात दहा पाउंडांचं एक जुनं धनुष्य आहे आणि त्याच्यासोबत इंचाइंचावर खुणा केलेला एक लांब बाण. हात किती मागे येतो ते त्यावर कळतं. पहिल्या खेचीला मी काही लिहून घेत नाही, कारण कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस हनुवटी वर करून ताणतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खांदे उतरतात, मान किंचित झुकते, तर्जनी ओठांच्या कोपऱ्याला येऊन टेकते. तेव्हा मी बाजूला उभी राहून मुठीच्या सगळ्यात खोल जागेसमोर बाणावरची खूण वाचते. नॉकच्या, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाच्या, खाचेपासून तिथपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच, ही त्याची ठरलेल्या मापाची खेच. दोन्ही हात पसरून मोजायचे आणि अडीचने भागायचं, हा हिशेब ढोबळ अंदाजाला ठीक आहे. पण ट्रॅडिशनल पद्धतीत माणूस गुडघ्यात, कमरेत थोडा वाकतो, डोकं बाणाकडे कलतं आणि खेच आखडते. भागाकारात २९ येणारा माणूस धनुष्यावर पुष्कळदा २८ किंवा त्याहून कमी खेचतो.

एका इंचाने काय फरक पडतो? लिम्बवर लिहिलेला आकडा २८ इंच खेचीचा असतो. एक इंच कमी खेचली की साधारण दोन ते तीन पाउंड कमी, एक इंच जास्त खेचली की तेवढेच जास्त. माझी स्वतःची खेच २६, त्यामुळे पंचेचाळीसचं लिम्ब माझ्या हातात चाळिसाच्या आसपास भरतं. सव्वासहा फुटी, लांब हातांच्या माणसाची खेच ३१ असेल, तर तेच लिम्ब त्याच्या हातात पन्नासच्या पुढे जातं. म्हणजे ‘पंचेचाळीस द्या’ म्हणणाऱ्या दोन माणसांना मी एकच वस्तू दिली, तरी घरी दोन वेगळी धनुष्यं जातात. म्हणून दुकानात हातातला तराजू असतो. दोरी त्याच्या हुकात अडकवायची, त्या माणसाच्या खेचीपर्यंत ओढायची आणि आकडा त्यालाच वाचायला लावायचा.

उंच माणसाच्या बाबतीत लांबीही बघावी लागते. साठ इंची धनुष्य झाडाझुडपांत वावरायला सोयीचं, म्हणून शिकाऱ्यांना ते आवडतं. पण ३१ इंच खेचणाऱ्याच्या हातात त्याची दोरी शेवटी इतका अरुंद कोन करते की बोटं चिमटली जातात, आणि अखेरच्या इंचाला भार एकदम वाढतो. तशा माणसाला मी चौसष्ट-सहासष्टच्या खाली जाऊ देत नाही. अठ्ठावीसच्या आतल्या खेचीला बासष्ट इंची धनुष्य अगदी चांगलं. सॅमिक सेज नावाचं बासष्ट इंची टेकडाउन जगभर नवशिक्यांच्या हातात गेलं ते याच कारणाने: साधं, स्वस्त, आणि पंचवीस पाउंडांपासून पाच-पाच पाउंडांच्या पायऱ्यांनी लिम्ब्स मिळणारं.

पाउंडेज ठरवायची माझी परीक्षा साधी आहे. लिम्ब्स चढवायची, बाण लावायचा नाही. पूर्ण खेचायचं, ओठांच्या कोपऱ्याशी हात आणून मी दहा मोजेपर्यंत धरायचं, मग सावकाश परत आणायचं. दोरी सोडायची नाही. बाणाविना दोरी सोडली की सगळी ताकद लिम्ब्समध्येच परत जाते आणि ती फाटू शकतात, हे मी आधी दोनदा बजावते. असं सात-आठ वेळा झालं की माणूस आपोआप कळतो. धनुष्याचा हात थरथरायला लागतो. त्या हाताचा खांदा कानाकडे चढतो. हनुवटी पुढे जाऊन दोरीला भेटते. मागचं कोपर बाणाच्या रेषेत यायला हवं, ते खाली लोंबकळतं. एवढं दिसलं की मी पाच पाउंड उतरवते आणि पुन्हा पहिल्यापासून.

एक गिऱ्हाईक आठवतं. गाड्यांच्या कारखान्यात काम करणारा, माझ्या दोन मुठींएवढं त्याचं मनगट. कंपाउंडने त्याने पुष्कळ हरणं मारलेली. त्याला पन्नास हवे होते. मी पन्नासची लिम्ब्स चढवून दिली, कारण नाही म्हणण्यापेक्षा करून पाहू देणं बरं. त्याने खेचलं आणि धरलंही. मग बाण लावून दहा यार्डांवर मारायला सांगितलं. पहिले तीन बाण तळहाताएवढ्या जागेत. चौथ्यापासून त्याचा हात तोंडापर्यंत पोहोचायच्या आधीच दोरी सुटायला लागली. त्याला ते कळतही नव्हतं. मी बाजूने फोनवर चित्रण केलं आणि दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला. पस्तीसची लिम्ब्स चढवल्यावर त्याच माणसाचं कोपर रेषेत आलं, सोडल्यावर हात मानेवरून मागे सरकला, आणि बाण एकमेकांना घासून बसायला लागले. तो पस्तीसच घेऊन गेला. त्या हिवाळ्यात रेंजवर नेमाने येत राहिला.

सगळेच ऐकतात असं नाही. एखादा पन्नासच घेऊन जातो, आणि ते त्याचं स्वातंत्र्य आहे. मालक अशा वेळी पावतीच्या मागे पस्तीसच्या लिम्ब्सची किंमत लिहून देतात, बोलत काही नाहीत. मला त्या माणसांची काळजी वाटते, कारण तोंडाशी येण्याआधी सोडायची सवय एकदा अंगात मुरली की पाउंडेज उतरवूनही ती लवकर सुटत नाही. नेम टिपावर आला की हात आपला आपण सोडून देतो, माणूस ठरवतच नाही. या अवस्थेत कित्येक चांगले तिरंदाज धनुष्य भिंतीला टांगून मोकळे झालेले मी पाहिले आहेत. खांद्याचे स्नायू दुखावतात ते वेगळंच.

रायझरबद्दल थोडक्यात सांगते. मॅपल असो, बुबिंगा असो की अक्रोड, लाकडाच्या रंगावरून भांडण नको. आपल्या तळव्यात ती मूठ कशी बसते ते पाहावं. भार अंगठ्याच्या मागच्या उंचवट्यावर यायला हवा, बोटं सैल हवीत. आणि डोळा तपासावा. दोन्ही हातांचा त्रिकोण करून लांबची वस्तू त्यात धरायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू जागच्या जागी दिसते, तो हुकमी डोळा. अगदी नव्या माणसाचा डावा डोळा हुकमी असेल, तर मी त्याला डावखुरं धनुष्य देते, लिहायचा हात कुठलाही असो. रायझर चुकीच्या हाताचा घेतला की नंतर तो बदलून मिळत नाही.

लिम्ब्स रायझरला जोडायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत लिम्बच्या भोकातून बोल्ट जातो आणि हाताने आवळता येतो. स्वस्त, भक्कम, पण त्या रायझरला त्या जोडणीचीच लिम्ब्स लागतात. दुसरी आयएलएफ, म्हणजे इंटरनॅशनल लिम्ब फिटिंग, जी ऑलिंपिकच्या रिकर्व्हवाल्यांनी जगभर रूढ केली. यात लिम्ब खाचेत सरकवून बसतं, आणि कुठल्याही कंपनीचं लिम्ब कुठल्याही कंपनीच्या आयएलएफ रायझरवर चालतं. बोल्ट आत-बाहेर करून पाउंडेज थोडं कमी-जास्त करता येतं. १९ इंची रायझर आणि मध्यम लिम्ब्स घेतली की बासष्ट इंची धनुष्य तयार होतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: या लिम्ब्सवरचा आकडा पंचवीस इंची रायझर धरून लिहिलेला असतो. रायझर जितका आखूड, तितकं पाउंडेज वर जातं, इंचामागे साधारण एक पाउंड. एकोणीस इंचीवर तीसचं लिम्ब छत्तीसच्या जवळ भरतं. हे सांगितलं नाही तर माणूस नकळत जड धनुष्य घेऊन जातो.

पुण्या-नाशकाहून ओळखीच्यांचे फोन येतात, त्यांना मी आयएलएफच सुचवते. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ताई, बॅगेत मावेल ना?’ मावतं. बासष्ट इंचीतला सगळ्यात लांब तुकडा दोन फुटांच्या आसपास असतो. माझं खरं कारण वेगळं आहे. महाराष्ट्रात साताऱ्यात, अमरावतीत, पुण्यात ऑलिंपिक रिकर्व्ह खेळणारी मुलं आहेत, आणि वाढत्या ताकदीबरोबर त्यांची लिम्ब्स बदलत जातात. ती जुनी लिम्ब्स तिथल्या तिथे मिळवता येतात. बोल्टवाल्याला मात्र पुढची जोडी पुन्हा इथूनच मागवावी लागते. आणि पाउंडेज? आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. कागदी लक्ष्यावर वीस यार्डांवरून मारायला पंचवीस-तीस पाउंड पुष्कळ झाले. पंचेचाळीसचा हट्ट इथल्या शिकाऱ्याला निदान कशासाठी तरी लागतो, पुण्याच्या गच्चीवर त्याला काही आधार नाही.

२०२३ च्या ऑगस्टनंतर एक मराठी कुटुंब दुकानात आलं. त्या महिन्यात बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली होती, आणि तेरा वर्षांच्या मुलीने घरी हट्ट धरला होता. मला मराठी बोलताना ऐकून बाबांचा चेहरा उजळला. ‘ताई, हिला अदितीसारखं धनुष्य पाहिजे.’ मी मुलीला भिंतीजवळ नेऊन दाखवलं. अदिती जे वापरते ते कंपाउंड, त्याला चाकं असतात. तू एकदा हे दोन्ही हातात धर. तिने कंपाउंड धरलं, ठेवलं, मग लाकडी मूठ धरली आणि ती सोडलीच नाही. ‘ताई, हे मला आवडलंय,’ एवढंच म्हणाली. बाबांना काळजी होती ती मुलगी वाढतेय, दोन वर्षांत सगळं वाया जाईल, याची. म्हणून ते मोठं, जड काहीतरी घ्यायला निघाले होते. तिची खेच मोजली, चोवीस भरली. सेजची पंचवीसची लिम्ब्स तिच्या हातात सोळा-सतरा पाउंड भरतील, हे मी तराजूवर दाखवलं. मुलगी वाढेल तशी खेच वाढेल, आणि तीच लिम्ब्स आपोआप जड होत जातील. ती पुरेनाशी झाली की तीसची जोडी, रायझर तोच. हा हिशेब बाबांना पटला. आई मात्र बाणांपाशी अडली, ते किती लागतील, हरवतील का, म्हणून. बाण हरवतातच. मी सहा दिले.

बाणांचं लोक मागाहून बघतात, आणि तिथे लिम्ब्स हलकी घ्यायचा दुसरा फायदा लक्षात येतो. धनुष्याचा धक्का बसला की बाण उडताना लवतो आणि लवत लवतच मुठीला वळसा घालून पुढे जातो. किती लवावा, हे त्याच्या स्पाइनवर ठरतं. कार्बनच्या बाणाला अठ्ठावीस इंचांवर टेकू देऊन मधोमध १.९४ पाउंडांचं वजन टांगलं आणि तो अर्धा इंच वाकला, तर तो ५०० स्पाइनचा. आकडा मोठा तितका बाण मऊ. तीस-पस्तीसच्या धनुष्याला साधारण ६०० चालतो, पंचेचाळीसला ५००. मऊ-कडक जुळलं नाही तर सरळ मारलेला बाणही आडवा होऊन बसतो, आणि नवा माणूस समजतो आपलंच काहीतरी बिघडलं. रायझरवर बाण टेकायच्या लाकडी शेल्फवरून मारायचं असेल तर पिसंच हवीत. ती शेल्फला घासताना दबतात, प्लॅस्टिकचे व्हेन ताठ राहून बाणाला बाजूला ढकलतात.

जुनं टेकडाउन घ्यायला निघालेल्यांनी एक काम हमखास करावं. दोरी चढवून धनुष्य उभं धरावं, वरच्या टोकामागे डोळा लावावा आणि दोरी खालपर्यंत लिम्बच्या मधोमध पडते का ते पाहावं. पडत नसेल तर लिम्ब पिळलेलं आहे. बहुतेक वेळा हा पीळ दोरी चढवतानाच बसतो, पायात अडकवून, गुडघ्यावर वाकवून. दोरी चढवायचा स्ट्रिंगर पंधरा-वीस डॉलरला मिळतो, आणि तो घेतल्याशिवाय मी कुणाला धनुष्य घेऊन बाहेर पडू देत नाही. जुन्या लिम्ब्सवर डॅक्रॉनचीच दोरी लावावी. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांसाठी लिम्बची टोकं मजबूत केलेली असावी लागतात. आणि उन्हात गाडीत धनुष्य ठेवू नये. फायबरग्लास आणि लाकडाचे थर गोंदावर धरलेले असतात, तापलेल्या गाडीत ते सुटतात.

जड लिम्ब्स घेतल्यावर आधीची हलकी जोडी विकू का, असं लोक विचारतात. विकू नका, असंच मी सांगते. मोसम संपल्यावर इथल्या थंडीत दोन-तीन महिने धनुष्याला हात लागत नाही. मार्चमध्ये पुन्हा सुरुवात करताना हलक्याच लिम्ब्सवर परत यावं. आमचे एक जुने गिऱ्हाईक, सत्तरीच्या पुढचे, खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर दुकानात फक्त बसायला येत. पंचेचाळीसच्या लिम्ब्सना हात लावायची डॉक्टरांनी मनाई केलेली. त्यांच्या रायझरला तीसची जोडी बसवून आम्ही धनुष्य त्यांच्या हाती दिलं, तेव्हा त्यांनी आधी नुसतं खेचून, धरून, परत आणलं, मी शिकवते तसंच, माझ्याकडे बघत. जवळचे ५०० चे बाण आता त्यांना कडक पडत होते. मी ६०० चे अर्धा डझन काढले आणि न कापता पूर्ण लांबीचेच दिले, म्हणजे पुढे कधी लिम्ब्स वाढवली तर कापून थोडे कडक करून घेता येतील.